दुखवट्याचे ठिपके

प्रोग्राम वनीसनेच लिहिला होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. बेनगाझी शहराच्या पलीकडच्या, शत्रूच्या ताब्यातल्या भागात ज्या घरापाशी खूप मोबाइल तासन्‌तास थांबतील ते घर शत्रूचा अड्डा, असं प्रोग्राम सांगायचा. मग वनीस ज्याच्यासाठी काम करायचा त्या टोळीप्रमुख हाज फरजची माणसं तिथे तोफगोळा टाकायची. पहिल्यांदा खरंच अड्डा उडाला. पुढे मात्र ढिगाऱ्यातून म्हातारे निघू लागले, कुणाला पाय नाहीत, कुणाला तोंड नाही.

कुठे चुकतंय ते आकड्यांत दिसेना, म्हणून वनीसने चलचित्र केलं. प्रत्येक मोबाइल पांढरा ठिपका, प्रत्येक गोळा लाल वर्तुळ. मग ते सुरू केलं. लाल वर्तुळ उमटायचं, दुसऱ्या दिवशी चारी बाजूंनी ठिपके चालत यायचे, शेजारी गोळा व्हायचे, बसून राहायचे. मग त्यांच्यावरच लाल वर्तुळ.

तो दुखवट्याचा मांडव होता. माणूस गेला की तीन दिवस सगळी गल्ली तिथे बसते, चहा पिते. जन्मभर अशा मांडवात बसलेल्या वनीसला हे सुचू नये? अक्कल गहाण टाकली होती मेल्याने.

आज प्रोग्रामने निवडलेल्या मांडवात त्याचा सख्खा भाऊ सालेह होता. पलीकडे राहणारा सालेहचा सासरा कालच्या गोळ्याने गेला होता. वनीस धावत फरजकडे गेला आणि त्याने चलचित्र भिंतीवर लावलं.

"हाज, हे लढणारे नाहीत. रडायला आलेत. आपण मारतो म्हणून जमतात, आणि जमतात म्हणून पुन्हा मारतो. थांबवा."

फरज शेंगदाणे सोलत बघत होता. "पुन्हा लाव, मास्तर."

वनीसने पुन्हा लावलं.

"मेलेल्याचे भाऊबंदही येतात?"

"येणारच. न येऊन कसं चालेल?"

"बंदुकवाले भाऊबंदही?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बघा रे," फरज आपल्या माणसांना म्हणाला, "महिनाभर उगाच शोधत बसलो. एकाला मारायचं, बाकीचे आपल्या पायांनी चालत येतात. टाका गोळा."

वनीसने खुर्ची उचलून त्याच्या डोक्यात घातली. दुसरा घाव बसायच्या आत बंदुकीचा दस्ता वनीसच्या जबड्यावर बसला. दात जिभेवर सांडले. तो रांगत दाराकडे निघाला तर कुणीतरी त्याच्या बोटांवर बूट रोवला, बोटं काडकाड मोडली. गच्चीवरची तोफ धडाडली. चलचित्र एव्हाना आजच्या, चालू ठिपक्यांवर आलं होतं. भिंतीवर लाल वर्तुळ उमटलं आणि त्यातले ठिपके एकेक करून विझले. सालेहचा कुठला, ते वनीसला कळलंही नाही.

फरजने कपाळावरचं रक्त पुसलं आणि तो वनीसजवळ उकिडवा बसला.

"भाऊ होता ना? वाईट झालं. उद्या दुखवट्याला जा, मी अडवणार नाही." त्याने वनीसचा मोबाइल उचलून वनीसच्याच खिशात घातला. "हा मात्र चालू ठेव."