भाऊजींनी लावलेली कपाटं

तपासणीच्या दिवशी भाऊजी उजाडताच गॅरेजवर हजर झाले. रुग्णवाहिका चालवणारा हा साधा, मायाळू माणूस. पण देव कधी कधी नेमका अशाच माणसाच्या अंगात नको तेवढा उत्साह भरतो. गाडीचा परवाना आज संपत होता. निरीक्षकांनी पास केली तर ती उद्या रस्त्यावर येणार, नाहीतर फेरतपासणीची पाळी येईपर्यंत जागच्या जागी उभी. या भागात दुसरी गाडी नव्हती, आणि उद्या सकाळीच निवृत्त मास्तरांना डायलिसिसला न्यायचं होतं.

भाऊजींनी गाडी धुतली, काचा लखलखीत केल्या. मग नियमावली उघडून बसले. तिच्यात सामानाची नावं ज्या क्रमानं होती, त्याच क्रमानं त्यांनी मागच्या भागातली कपाटं नव्यानं लावली. प्रत्येक दारावर सुबक अक्षरात चिठ्ठी डकवली. साहेब नियमावली हातात धरून बघणार, तर गाडीनंही तशीच पानापानानं उलगडत जावं, असा त्यांचा भाबडा विचार.

इतक्यात वहिनी आल्या. थोरल्या भावाची बायको, आणि या गाडीवरची परिचारिका. रोज सकाळी कपाटं उघडून बघायचा त्यांचा नेम. आज भाऊजींनी त्यांना दारातच अडवलं.

"मी बघितलंय सगळं. तुम्ही निवांत चहा घ्या."

"तुम्ही? स्वतःचा चष्मा शोधताना घर डोक्यावर घेता, आणि माझी कपाटं बघितलीत?"

"वहिनी, आज तरी विश्वास ठेवा हो."

तेवढ्यात निरीक्षकांची जीप फाटकातून आत आली, आणि वहिनींना विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

निरीक्षक शिडशिडीत, हळू बोलणारे गृहस्थ होते. ब्रेक, दिवे, सायरन, ऑक्सिजनचा काटा, आग विझवायच्या नळकांड्याची मुदत, स्ट्रेचरची कडी, एकेका गोष्टीला हात लावत ते नुसतं "हं" म्हणत. प्रत्येक "हं"बरोबर भाऊजींचा चेहरा थोडा थोडा खुलत गेला. शेवटी साहेबांनी बूट काढले आणि स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले.

"बाई, बाकावर बसा, पट्टा लावा. मी रुग्ण. गाडी पळतेय आणि माझा श्वास अडकलाय. पट्टा सोडायचा नाही, माझ्यावरून नजर हलवायची नाही. मास्क लावा मला."

वहिनी हसल्या. हे काम त्या झोपेतसुद्धा करतील. हात मागं गेला, दार सरकलं, वस्तू हाती आली आणि साहेबांच्या तोंडाशी पोचली.

साहेबांनी एक डोळा किलकिला केला. "ही फळी माझ्या नाकावर बांधणार?"

हातात मोडलेल्या हाडाला आधार देणारी फळी होती. वहिनींनी पुन्हा हात घातला, तर बँडेजची गुंडाळी आली. हात हा मोठा निष्ठावंत जीव असतो. एकदा जागा धरली की तिथंच जातो, दारावर काय लिहिलंय ते विचारत नाही.

वहिनींनी मान वळवली. दारावरच्या चिठ्ठ्या दिसल्या, त्यावरचं वळणदार अक्षर दिसलं, आणि सगळं लक्षात आलं. मागच्या दारात उभ्या भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मंजुरी न घेता मांडणी बदलली तर गाडी नापास. परिचारिका चुकली तर गाडी पास, पण तिची रवानगी प्रशिक्षणाला, आणि तिच्या जागी दुसरी कुणी. वहिनींना हे पाठ होतं.

"माझंच चुकलं, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "हात घाबरला."

साहेब उठून बसले, खिशातून पेन काढलं.

"थांबा साहेब!" भाऊजी आत चढले. "त्यांचं नाही चुकलं. कपाटातलं सामान मी हलवलं. आज सकाळी. कुणाला न विचारता."

"भाऊजी, गप्प बसा. मास्तरांचं काय?"

"मास्तरांसाठीच बोलतोय. तुमच्या जागी दुसरं कुणी बसलं, तर उद्या वाटेत त्यांचा श्वास लागल्यावर मी कुणाच्या भरवशावर गाडी पळवू?"

साहेब भाऊजींकडे वळले.

"का हलवलंत?"

"तुमच्या नियमावलीत तसा क्रम होता."

"शेवटपर्यंत वाचलीत?"

"सामानाच्या यादीपर्यंत."

"तेच दिसतंय. शेवटी लिहिलंय, मांडणीत दोष निघाला तर त्याच दिवशी एकदा दुरुस्तीची मुभा आहे. मंजूर मांडणी परत आणा. मी जेवून येतो."

साहेब गेले. वहिनी पुन्हा बाकावर बसल्या, पट्टा आवळला, डोळे मिटले आणि हात मागं नेला.

"जिथं माझा हात थांबेल, तिथं मास्क."

भाऊजींनी तिथं मास्क ठेवला.

"आता खाली. इथं कफ ओढायची सक्शनची नळी. कोपर लागतं तिथं बँडेज. फळ्या पार वर, घाईत कुणाच्या बापाला लागत नाहीत त्या."

हात दाखवत गेला आणि दीर मुकाट्यानं ठेवत गेला. असा आज्ञाधारक दीर वहिनींनी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता, आणि तसं त्या बोलूनही मोकळ्या झाल्या. शेवटी भाऊजींनी नखानं खरवडून चिठ्ठ्या काढल्या.

साहेब जेवून आले, आडवे झाले. "हां, तर माझा श्वास अड—"

पुढचे शब्द मास्कमध्येच राहिले. रबर कानामागून गेलं होतं, ऑक्सिजन फुसफुसत होता, आणि वहिनींची नजर त्यांच्यावरून तसूभरही हललेली नव्हती. साहेब आतून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" भाऊजींनी जीव मुठीत धरून विचारलं.

"रुग्णाला बोलायला लावू नये," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी पडल्या पडल्याच खिशातून पेन काढलं आणि परवान्याच्या कागदासाठी हात पुढं केला.