बरणीतला छर्रा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माझी भावंडे भिंतीवर टांगलेली असतात, कपाटाच्या दाराला असतात, न्हाव्याच्या दुकानात तर समोरासमोर बसून एकमेकांची चेष्टा करत असतात. मी मात्र कित्येक वर्षे एका लाकडी बाकावर उताणा पडून आहे. मला दिसते ते शेडचे पत्र्याचे छप्पर, त्याला लोंबणारी कोळ्याची जाळी आणि माझ्यावर वाकणारी माणसे. उभ्या आरशासमोर माणूस चेहरा ठाकठीक करून येतो. उताण्या आरशावर तो कामासाठी वाकतो, त्याचे लक्ष भलतीकडे असते, म्हणून चेहरा खरा असतो. माणसे मला भिंतीवरच्या भावंडांपेक्षा जास्त कळतात, हे मी जरा ऐटीतच सांगतो.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका काचेच्या कारखान्यात झाला. वितळलेली काच पसरून मला सपाट केले, घासूनपुसून पाठीवर चांदीचा लेप दिला. पुढे मी एका शृंगारपेटीवर बसलो. त्या घरातली थेल्मा माझ्यासमोर वेणी घालतच मोठी झाली आणि लग्न झाल्यावर मला घेऊन डरहॅमच्या खाणवस्तीत आली. घरात नेताना माझा कोपरा दाराच्या चौकटीला आपटला आणि टवका उडाला. तिची सासू दारातच ओरडली, "फुटका आरसा घरात आणशील तर सात वर्षं हाल होतील! ठेव तो बाहेर!" झाले! चूक चौकटीची आणि शिक्षा मला. मी शेडमध्ये गेलो. पुष्कळ दिवस माझ्यावर धुळीशिवाय कोणीही आले नाही.

मग एकदा थेल्माच्या नवऱ्याने, रॅल्फ हिंडमार्शने, माझ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि मला बाकावर आडवे केले. रॅल्फ खाणीत कोळसा फोडायचा आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या शेतकऱ्याच्या कुरणात छऱ्याच्या बंदुकीने ससे मारायचा. शेतकऱ्याचे पीक वाचे आणि रॅल्फच्या घरी रस्सा शिजे. त्याला छर्रे निवडायला अगदी सपाट जागा हवी होती. माझ्याइतके सपाट त्या वस्तीत दुसरे काहीच नव्हते.

तुम्हाला वाटेल, छर्रा तो छर्रा, त्यात निवडायचे काय? शेजारचा सिड रॉबसनही तसेच म्हणायचा. "अरे, ते टोकदार घे की! बघूनच ससा चक्कर येऊन पडेल."

रॅल्फ मान वर न करता म्हणायचा, "ससा टोक बघायला थांबत नाही, सिड. नळीला जो मानवतो तो छर्रा खरा."

त्याने टोकदार, चपट्या डोक्याचे, गोल डोक्याचे असे सगळे छर्रे कागदावर मारून पाहिले होते. त्याच्या नळीला गोल डोक्याचे मानवले. पण तेही सगळे सारखे नसतात. छर्रा शिशाचा, म्हणजे अगदी मऊ. कमरेत बारीक, खाली परकरासारखा घेर. डबा हातातून पडला की घेर चेपतो. साच्यातूनच एखादा चावल्यासारखा येतो. रॅल्फ मला किंचित तिरपे करायचा आणि एकेक छर्रा माझ्यावरून सोडायचा. चांगला छर्रा सरळ घरंगळत नाही, थोडे वळण घेतो, पण सगळे चांगले छर्रे एकच वळण घेतात. खोट असलेला अडखळतो आणि भलतीकडे जातो. शिवाय त्याचा खालचा घेर माझ्यात आयताच दिसतो. निवडलेले छर्रे तो कोमट साबणपाण्यात धुवायचा, जुन्या पंचावर वाळवायचा, तेलाचा एक थेंब पुसटसा लावायचा आणि डब्यात भरायचा. नाकारलेले एका काचेच्या बरणीत जायचे. ते वितळवून मासे धरायच्या गळाची वजने करू, असे तो म्हणायचा. खाणवस्तीतली माणसे काहीच टाकून देत नाहीत. बरणी माझ्या डोक्यावरच्या फळीवर उभी असायची.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे थेल्माने एकदा विचारले होते.

"चुकला तर ससा पळतो, त्याचं काही नाही," रॅल्फ म्हणाला होता. "पण अर्धामुर्धा लागला तर तो बिळात जाऊन तडफडत मरतो. मला ते सहन होत नाही."

माझे ते सुखाचे दिवस होते, मित्रांनो. माझ्यावाचून त्या घरात रस्सा शिजत नव्हता.

मग संप आला. साऱ्या खाणी बंद पडल्या, महिने गेले, थंडी आली, आणि वस्तीतल्या चुलीवर चढवायला काही उरले नाही. खाणकामगारांच्या सभागृहात सगळ्यांचा मिळून स्वयंपाक व्हायचा. रॅल्फचे ससे आता तिथे जाऊ लागले. काही एकट्या म्हाताऱ्यांच्या दारात जाऊ लागले. पण नवा डबा आणणार कशाने? निवडलेले छर्रे कमी कमी होत गेले. रॅल्फ माझ्यावर वाकायचा तेव्हा त्याच्या गालांची हाडे दिसायची.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी रॅल्फ संपकऱ्यांबरोबर खाणीच्या फाटकावर पहाऱ्याला गेला होता, कोणी कामावर जाऊ नये म्हणून. थेल्मा शेडमध्ये आली. तिने खुंटीवरची बंदूक काढली. लग्नाआधी जत्रेत तिने नेमबाजीत रॅल्फला हरवले होते, त्यामुळे बंदूक तिला नवी नव्हती. तिने डबा उघडला, आतल्या चांगल्या छऱ्यांकडे पाहिले आणि डबा पुन्हा बंद केला. मग तिचा हात माझ्यावरून वर गेला, फळीवरच्या बरणीकडे. मी मनात ओरडलो, "नको, त्यातले नको!" पण आरशाचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

तिने बरणीतला एक छर्रा नळीत सरकवला आणि दार अर्धवट उघडून बाहेर नेम धरला. बाहेर त्यांचा भाजीचा तुकडा होता, त्यात कोबीचे चार गड्डे उरले होते. बंदुकीचा फट् असा आवाज झाला, पंख फडफडले. "चुकला," थेल्मा पुटपुटली. तिने बंदूक खुंटीला लावली आणि ती निघून गेली. रॅल्फला तिने काहीच सांगितले नाही. चुकलेल्या नेमाचे काय सांगायचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी रॅल्फ बाकाशी उभा होता, तोच शेडचे दार धाडकन उघडले. पुढे सिड होता. मागे पलीकडच्या घरातला विल्फ जॉब्लिंग. हा विल्फ रॅल्फबरोबर खाणीत काम करत म्हातारा होत आलेला, आणि शर्यतीच्या कबुतरांपायी वेडा. त्याच्या ढाबळीतली एक निळसर मादी फ्रान्समधून समुद्र ओलांडून सगळ्यांच्या आधी घरी आली होती. ती साऱ्या वस्तीला ठाऊक होती. विल्फच्या हातात शर्टात गुंडाळलेले काहीतरी होते. त्यातून एक पाय बाहेर आला होता आणि पायात कडे होते.

"काल संध्याकाळी ढाबळीत परतली," विल्फ म्हणाला. "माझ्या मांडीवरच जीव सोडला तिने."

त्याने मूठ उघडली आणि एक छर्रा माझ्यावर ठेवला. अजून ओला होता तो. मला त्या थेंबभर वजनाची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"आता सांग, रॅल्फ," सिड म्हणाला. "या वस्तीत छऱ्याची बंदूक कोणाकडे आहे? पाद्र्याकडे तर नाही."

"मी मारली नाही."

"मग तिने स्वतःच गिळला का? हे बघ, शेजाऱ्याचं पाखरू मारणाऱ्याच्या हाती बंदूक राहणार नाही. आत्ताच्या आत्ता नदीत जाईल ती."

मित्रांनो, बंदूक गेली असती तर रॅल्फच्याच नव्हे, अर्ध्या वस्तीच्या पातेल्यातले मांस गेले असते. आणि नाव गेले असते ते वेगळेच. संपाच्या दिवसांत शेजाऱ्यांनी तोंड फिरवले तर माणूस जगणार कसा?

तेवढ्यात थेल्मा बिनदुधाच्या चहाची किटली घेऊन दारात आली. शर्टातून बाहेर आलेला तो पाय तिने पाहिला आणि ती तिथेच थांबली.

रॅल्फने छर्रा उचलला, पाण्यात बुडवून पुसला, मला तिरपे केले आणि सोडला. छर्रा अडखळला, वळला आणि माझ्या फुटक्या कोपऱ्याकडे गेला.

"हा माझ्या डब्यातला नाही," रॅल्फ म्हणाला.

"डोकं गोल आहे. तुझ्याच जातीचा आहे."

"डोकं सोड, घेर बघ. तुकडा गेलाय."

"हाडावर आपटून गेला असेल."

"शिसं आत्ता तुटलं तर चांदीसारखं चकाकतं. हे तुटलंय तिथे काळं पडलंय बघ. हा नळीत जायच्या आधीपासूनच असा होता."

विल्फने डोळ्यांशी नेऊन छर्रा पाहिला. मग हळूहळू मान हलवली. "खरंय. असला छर्रा रॅल्फ नळीत घालायचा नाही. आपल्याला चांगले वाटतात तेही हा बाजूला काढतो."

सिडचा चेहरा उतरला, पण राग उतरला नाही. तो आता दुसरीकडे वळला. "मग रेल्वेपलीकडच्या त्या दोघा भावांचं काम. कोळसा वेचायला येतात आणि सोबत बंदूक असते. चल विल्फ, आज त्यांची हाडंच मोडतो."

तो बाह्या सारू लागला. रॅल्फ सुटला होता. त्याने मान वर केली, आणि त्याची नजर फळीवर गेली. बरणीच्या झाकणावर महिन्यांची धूळ होती आणि त्या धुळीत बोटांचे ताजे ठसे होते. नाजूक बोटे. रॅल्फ झटकन माझ्यावर वाकला, जणू अजून काहीतरी तपासायचे होते. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याच्या खांद्यामागे दारातल्या थेल्माचा चेहरा पाहिला. माझ्यातूनच दोघांनी एकमेकांना पाहिले. रॅल्फने अगदी हलकेच, नाही अशी मान हलवली.

बोलू नकोस, असे तो सांगत होता. तो वाचला होता, ती वाचली होती, बंदूक वाचली होती. मार खाणार होती ती दोन अनोळखी पोरे. सिड दाराशी पोचला.

थेल्माने वाट दिली नाही.

"बाजूला हो, बाई."

"बस खाली, सिड. छर्रा माझा आहे."

"थेल्मा, गप्प बस," रॅल्फ म्हणाला.

"गप्प बसून ती पोरं मरतील त्याचं काय?" तिने फळीकडे बोट दाखवले. "बरणीतला घेतला मी. चांगले थोडेच उरलेत, ते सशांसाठी राहू देत म्हटलं. कोबीवर पाखरू बसलं होतं. अंधारून आलं होतं, मला रानपारवाच वाटला. उडून गेला तेव्हा वाटलं, चुकला. विल्फ, देवाशपथ, ती तुझी आहे हे मला आत्ता कळलं."

"रानपारवा म्हणे!" सिड कडाडला. "शर्यतीचं कबुतर कधी कोबीवर उतरतं का? ढाबळीतला दाणा सोडून दुसऱ्याच्या वाफ्यात चोच घालत नाहीत ती. काहीतरी पटेल असं सांग."

रॅल्फने खुंटीवरची बंदूक काढली आणि माझ्याशेजारी, विल्फच्या पुढ्यात ठेवली. "ने, विल्फ. तूच टाक नदीत."

विल्फने बंदुकीला हात लावला नाही. बाकावर दोन्ही हात टेकून तो माझ्यावर वाकला, आणि त्याचे डोळे गच्च मिटलेले मला दिसले. किटलीतून चहा ठिबकत होता.

"छर्रा काढायला मी तिला कापली," शेवटी तो म्हणाला. "गळ्याखालची पिशवी उघडली. दाणा नव्हता, सिड. कोबीचा पाला होता."

"नाताळपासून माझ्या घरात दाणा नाही. सांगू कोणाला? कबुतरं उपाशी ठेवणारा म्हणून तुम्ही हसला असता. रोज संध्याकाळी ढाबळ उघडायचो आणि म्हणायचो, जा, फिरून या. कुठे फिरतात ते मला ठाऊक होतं." त्याने थेल्माकडे पाहिले. "तुझ्या वाफ्यात चोरी करायला मीच धाडली होती तिला, पोरी. तुझ्या घरात काय शिजतंय ते ठाऊक असून."

थेल्मा रडू लागली. मग विल्फही रडला. सिड, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नसे, त्याने वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या आणि भिंतीकडे तोंड केले.

त्याच दुपारी रॅल्फने बरणी रिकामी केली. सगळे नाकारलेले छर्रे अंगणात विस्तवावर वितळवून त्याने एक गोळा केला. एकही मागे ठेवला नाही. पुढच्या वेळी ससे घेऊन तो कुरणाच्या मालकाकडे गेला तेव्हा त्याने खळ्यातला झाडलोटीचा दाणा मागून आणला आणि विल्फच्या ढाबळीपाशी ठेवला. हे मला थेल्माच्या बोलण्यातून कळले. ती निळसर मादी मात्र परत आली नाही. तशी दुसरी विल्फला कधी मिळाली नाही, आणि थेल्माने पुन्हा कधी बंदुकीला हात लावला नाही.

मित्रांनो, चांगले ते निवडून जपायला सगळेच शिकतात, मीही त्याचेच कौतुक करून घेत होतो. पण धोक्याचे म्हणून जे बाजूला काढले, ते फळीवर ठेवून विसरू नका. ज्याला गरज असेल त्याचा हात नेमका तिथेच जातो. आणि एक म्हाताऱ्या आरशाचे ऐका. पलीकडच्या घरात दाणा आहे का, ते वेळीच विचारा. त्यासाठी कोणाचे पोट कापून बघायची वेळ येऊ देऊ नका.