आठव्या लाडवाचं गाणं

माझा धाकटा भाऊ गुंडेराव जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्याच्या मुलीनं, वेदवतीनं, नोकरी सांभाळून सात गाण्यांचा अल्बम काढला. कंपनी नाही, वाजवणारे नाहीत. अग्रहारातल्या घरी खोलीच्या दाराला गोधडी लावली, एकतारी घेतली आणि एकटीच गायली. चार गाणी तिनं रचलेली, तीन आमच्या घरातली जुनी. फोनवर पाठवून तिनं लिहिलं, 'आत्या, एका बैठकीत ऐक.'

मी सरस्वतीपुरममधल्या माझ्या घरी दुपारी इयरफोन घालून बसले. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, काम अर्धवट सोडायची सवय नाही. पहिली पाच गाणी ऐकून अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. एक तार, एक आवाज, बास. सहाव्याला मात्र माझं डोकं फिरलं.

ते आमचं हळद कुटायचं गाणं. लग्नाआधी सवाष्णी उखळाभोवती बसतात आणि मुसळाच्या ठेक्यावर व्याह्यांची टर उडवतात. 'सात लाडू खाल्ले विहिणीनं, आठव्यासाठी रुसली.' हसता हसता मुसळ हातातून सुटतं. वेदवतीनं ते घरात कुणी गेल्यासारखं म्हटलं होतं. दबका आवाज, आणि ओळीच्या मधेच थांबणं. 'आठव्यासाठी' म्हणून गप्प. फोन बिघडला की काय म्हणून मी दोनदा पाहिलं. पुढच्या महिन्यात माझ्या नातीचं लग्न, आणि रविवारी अल्बमच्या कार्यक्रमात ही पोरगी हे चारचौघांत गाणार. नात्यातल्या बायका तोंडाला पदर लावतील. गाणं काढायला लावायचंच, असं ठरवून मी ऑटो केली.

वेदवती आणि तिची आई कमलाक्षी घरीच होत्या. मी सरळ सांगितलं, चाल नीट शिकून घे, नाहीतर गाणं काढून टाक. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तिनं चढवला नाही, पण हटलीही नाही. हट्ट आमच्याच घराण्याचा, मी ओळखला.

"आत्या, आईकडून ऐकलं तसंच म्हटलंय," ती म्हणाली. "थांबणंसुद्धा तिचंच आहे."

कमलाक्षी अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती. या गाण्यात मधेच कोण थांबतं गं, असं मी तिला विचारलं. तिनं पुढची शेंग घेतली. मी विचारत राहिले.

"हे गेल्यावर मला हळदीला कुठं बसवलं, वन्सं? मी आत अडिगेमनेत, चुलीपाशी असायची. बाहेर तुम्ही सगळ्या म्हणायच्या, आत मी सुम्मने, आपलं उगीच, हळू म्हणायची. ही लहान होती, पायाशी बसून ऐकायची. पाऊल वाजलं की मी थांबायची."

"कुणाचं पाऊल?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तुमचं."

गुंडू गेला तेव्हा ही तीस वर्षांची होती. घरातल्या प्रत्येक कार्याची सूत्रं माझ्या हातात. कमलाक्षी, तू आतलं बघ, पुरणाचे होळिगे करपायला नकोत, असं मीच तिला गोड बोलून स्वयंपाकघरात धाडलं. लोकांच्या बोलण्यापासून वाचवतेय, असंही स्वतःला समजावलं. तेव्हापासून सहा लग्नं झाली. गूळ हवा, तूप हवं, म्हणून मी आतबाहेर करत होते.

मला लाज वाटली. अशी लाज मला या वयापर्यंत वाटली नव्हती.

मी तिथंच खाली बसले आणि दोघींच्या समोर ते गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. जिथं जिथं आवाज थांबला, तिथं मी चालत येत होते. एकही जागा मी पुढं ढकलली नाही. मग इयरफोन काढले.

वेदवतीला म्हटलं, रविवारी हे असंच गा, एक अक्षर बदलू नकोस. आणि कमलाक्षीला म्हटलं, "नातीच्या हळदीला पहिलं मुसळ तू धरायचं. गाणंही तूच सुरू करायचं."

नातेवाईक गप्प बसणार नाहीत, ती म्हणाली. मी म्हटलं, त्यांना उत्तर द्यायला माझं तोंड आहे. तरी ती मान हलवत राहिली.

"आता मला ते भराभर येतही नाही, वन्सं. थांबायचीच सवय झालीय."

"मग थांबत म्हण. बायका थांबतील."

"आणि तुम्ही?"

"मी उखळासमोर बसणार आहे," मी म्हटलं. "गाणं संपेपर्यंत जागची हलणार नाही."