काळी केलेली टेप

टोपणाला बांधलेली दोरी मूळची नव्हतीच, बुटाची नाडी होती, पहिली तुटल्यावर कधीतरी घाईत ओवलेली. इतक्या वर्षांच्या हाताच्या घामाने ती मऊ पडली होती आणि तिच्या टोकाचं प्लॅस्टिक निघून धागे फुलले होते. त्याने लेन्सवरचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. काच स्वच्छ होती. निदान काच तरी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने कॅमेऱ्याच्या पोटाचं दार उघडून बघितलं. मोटार घरघरली, थांबली, मग कंटाळलेल्या नोकराने यावं तसा टेपचा खण सावकाश वर आला. म्हणजे कॅमेरा जिवंत होता.

लग्नांचं शूटिंग सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती. आता तो एका दुकानात ओळखपत्रांचे फोटो काढायचा. सरळ बघा, हनुवटी खाली, हसू नका. माणसांना हसू नका म्हणण्याचा पगार मिळतो, असं तो स्वतःच सांगायचा आणि ऐकणारे हसायचे. आज सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी तो साधारणपणे झोपायचा. पण मुलीने काल फोनवर सांगितलं होतं, बाबा, तुझा तो जुना टेपवाला कॅमेरा हवाय, आणि एक तरी चालणारी टेप, परवा काम आहे.

मुलीचं कामच असलं, लग्नांचं शूटिंग, पण जुन्या कॅमेऱ्यांवर. तिच्याकडे एक मोठा डबा होता, त्यात मेलेले फोन. म्हणजे फोन म्हणून मेलेले : सिम नाही, कुणाला लावता येत नाहीत, काहींच्या काचा तडकलेल्या, एकाची बॅटरी पोट फुगल्यासारखी. लोक ते फेकतात आणि ही आणि तिची मैत्रीण गोळा करतात, कारण त्यांचे कॅमेरे वाईट आहेत. वाईट आहेत म्हणूनच. एकाच्या लेन्सवर ओरखडा आहे, त्यात दिव्याभोवती धुकं दिसतं, आणि त्या धुक्याला गिऱ्हाईक आहे! “नव्या फोनला सगळं दिसतं बाबा, म्हणून त्यात काहीच दिसत नाही,” असं ती म्हणाली होती. हे वाक्य तिने कुठेतरी वाचलेलं असणार, असं त्याला वाटलं होतं. उद्याच्या जोडप्याला त्यांचं लग्न आई-वडिलांच्या लग्नासारखं दिसायला हवं होतं. लग्न उद्याचं, पण रंग उडालेले, कडा थरथरणाऱ्या. ज्या थरथरीसाठी त्याने एके काळी मुलाकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, तीच.

टेपा मात्र कुठेच मिळत नव्हत्या. कपाटावरच्या खोक्यात होत्या त्या त्याने एकेक उघडून उजेडात धरल्या. बुरशी, बुरशी, एकीची पट्टी गुंडाळीलाच चिकटलेली... आणि एक चांगली. काळी केलेली.

टेप काळी करणं ही त्याच्या उस्तादाची शिकवण. कोऱ्या टेपवर थेट शूटिंग केलं आणि मध्ये कुठे थांबलं, की सांध्यावर चित्र फाटतं. म्हणून आदल्या दिवशी टोपण लावून कॅमेरा सुरू करून ठेवायचा आणि पूर्ण टेप नुसती पळू द्यायची, म्हणजे तिच्यावर एकसलग काळं उमटतं. मग त्या काळ्यावर दुसऱ्या दिवशी लग्न. इतर लोक हा व्याप करत नसत. तो करायचा. कॅमेरा हॉलमधल्या टेबलावर, घरच्या फोनशेजारी ठेवायचा, लाल दिवा लागला की खाली चक्कर मारून यायचा, आणि परत येईतो टेप झालेली असायची. ही एक झाली होती आणि तिच्यावरचं लग्न कुठल्यातरी कारणाने झालं नव्हतं. मोडलं असेल, किंवा त्यांना स्वस्तातला माणूस मिळाला असेल.

टेप चालते का, एवढंच त्याला बघायचं होतं. खण खाली गेला, पडदा काळा झाला. चित्रात कुठे ठिपके नाहीत, ओरखडे नाहीत, छान काळं. आवाजात घरघर येते का बघावं म्हणून त्याने इअरफोन लावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे त्याला नंतर सुचलं.

आधी नळ. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आणि मग ती.

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही की ही ती आहे. आवाज थोडा जाड होता, थोडा सावकाश... सोळा-सतरा वर्षं तो जो आवाज डोक्यात घेऊन फिरत होता तो याहून पातळ होता. फोटो होते तिचे, बरेच. आवाज नव्हता. घरच्यांना कोण शूट करतं? बॅटरी कामासाठी राखून ठेवायची. दिव्याखाली अंधार. ती गेली तेव्हा, चार दिवसांच्या तापात, कुणाला काही कळायच्या आत, मुलगी इतकी लहान होती की पुढे अधूनमधून विचारायची, बाबा, आईचा आवाज कसा होता रे? आणि तो सांगायचा, तुझ्यासारखाच. हे खरं नव्हतं, पण त्याला दुसरं काही सांगता येत नव्हतं. आणि आता तो आवाज इथे, या काळ्यात, होता! त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी इअरफोन कानांत दाबून धरले.

ती फोनवर तिच्या ताईशी बोलत होती.

“नाहीत गं, खाली गेलेत... कॅमेरा आहे इथे, पण झाकण लावलंय त्याला. बंद आहे तो.”

तो हसला. मोठ्याने हसला, एकटाच. झाकण लावलं म्हणजे बंद! इतकी वर्षं कॅमेरावाल्याची बायको आणि हे तिला माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नसणार. लाल दिवा पलीकडच्या बाजूला होता.

“नाही. मारत नाहीत, पीत नाहीत, आवाजसुद्धा चढवत नाहीत. तेच तर ना ताई. सांगू काय कुणाला? म्हणतील, हिला सुख बोचतंय.”

मग बराच वेळ पलीकडून ताई बोलत असणार.

“लग्नात कुणाची आई रडायला लागली की धावत जातात कॅमेरा घेऊन. अगदी जवळ जातात. आणि मी शेजारी रडले तर कूस बदलतात... नाही, झोपेत नाही. झोपलेला माणूस कळतो गं मला.”

“पोरगी नसती ना...”

एवढंच. पुढे नळ ठिबकत राहिला. त्याने ते ठिबकणं ऐकलं, एकेक थेंब, आणि त्याला वाटलं आता ती पुढचं बोलेल, पण ती म्हणाली, “ते बाहेर पडले ना, की घर मोठं होतं बघ. श्वास घेता येतो.”

कोणती रात्र? तो ती रात्र शोधायला लागला. अंथरूण आठवलं, खिडकी आठवली, खिडकीच्या पडद्यावरची निळी फुलं आठवली. पण रडणारी ती नाही आणि कूस बदलणारा तो नाही. मी कूस बदलली होती का? बदलली असेल. दिवसभर खांद्यावर कॅमेरा, रात्री खांदा दुखायचा, माणूस कूस बदलतोच. ती म्हणते झोपेत नाही. तिला काय माहीत? आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्याशी भांडतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती होती तेव्हा ते कधी भांडले नव्हते, आणि याचा तो अभिमान बाळगायचा, लोकांना सांगायचा.

टेप पळतच होती. दार वाजलं, लहान पावलं धावत आली. “आई, भूक!” आणि तिचा आवाज बदलला. लगेच, फोन ठेवता ठेवताच : “आले गं माझी राणी.” मग भांडी. मग पुन्हा दार, आणि एक पुरुषाचा आवाज, तरुण, बेफिकीर, कानाला परका. “झाली का टेप?” हा तो स्वतःच होता.

“झाली असेल. चहा टाकू का?”

त्याने टेप थांबवली. हाच. हा पातळ, हसरा, थोडा वर चढलेला आवाज... हाच त्याने जपला होता. इतकी वर्षं एकट्याने चहा करताना तो हाच ऐकायचा, आजारी मुलीच्या उशाशी बसून हाच आठवायचा, दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांना याच आवाजाच्या जोरावर नाही म्हणाला होता. तो आवाज त्याच्यासाठी होता हे खरं. त्याला बघून काढलेला होता, बाहेर कुणी आलं की माणूस केस सारखे करतो तसा.

त्याने टेप मागे नेली आणि पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदाही ऐकली, पण दार वाजायच्या आत थांबवली. आपला आवाज त्याला नको होता.

आता काय करायचं? टेप दिली तर मुलीला आई मिळेल. आई म्हणजे ही आई. “पोरगी नसती ना” म्हणणारी. पोरीला काय वाटेल? आपण होतो म्हणून ती अडकली, असंच ना? की आपण होतो म्हणून ती राहिली? एकाच गोष्टीची दोन तोंडं, आणि आपलेच दात आपलेच ओठ, विचारायचं कुणाला. तिची ताईही गेली. नाही दिली तर सोपं आहे. काही करायचंच नाही, तोंड बंद ठेवायचं, उद्या मुलगी स्वतःच्या हाताने लाल बटण दाबेल आणि कुणाचं तरी लग्न, हार, हसणं, बँड, सगळं या आवाजावर पसरेल. पुसायचं पापही आपल्या माथी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि पुसलं तर तो दुसरा आवाज तरी त्याच्याकडे राहील, असं त्याला वाटलं... पण तो आठवायला गेला तर आठवेना. पातळ आवाजाच्या मागे जाड आवाज येऊन उभा राहत होता. त्याला राग आला. तिचा नव्हे, उस्तादाचा. टेप काळी करायची हे त्याने शिकवलं, टोपणाखाली कान उघडे राहतात हे मात्र नाही सांगितलं. मग हसूही आलं, कारण हे सांगायला कशाला हवं होतं? माहीत होतं त्याला. लग्नाच्या शूटिंगला तो आधी आवाजच तपासायचा. घरातला फक्त कधी तपासला नव्हता.

जिन्यात पावलं वाजली. त्याने इअरफोन काढले.

मुलगी होती. फोनवर बोलत वर येत होती, दाराबाहेर थांबली होती. शब्द ऐकू येत नव्हते. आवाज तेवढा येत होता, खालच्या पट्टीतला, थकलेला, मधूनमधून तुटणारा. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. की ऐकला होता, रोज, याच दाराबाहेर, आणि आत येणाऱ्या आवाजाचीच वाट बघत बसला होता? बाहेर ती कुणाला तरी काहीतरी समजावत होती. “...हो, बघते. सांगते नंतर,” एवढं कळलं. मग शांतता. मग दार.

“काय बाबा, जेवलास की नाही?”

वर चढलेला, मोकळा, हसरा.

“जेवलो,” तो म्हणाला. “जिन्यात कुणाशी बोलत होतीस?”

“कुणाशी नाही रे. कामाचं.” तिने पिशवी खुर्चीवर टाकली. “टेप मिळाली?”

“एक आहे.”

“चालते?”

“चालते.” त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “तिच्यात आवाज आहे. घरातला.”

“मग काय झालं? वरून शूट झालं की जाईल.” ती बोलता बोलता बसली, कॅमेरा तिने मांडीवर ओढला आणि सवयीने खांद्याला टेकवून तोलून बघितला. इअरफोनची वायर कॅमेऱ्याला लावलेलीच होती, तिच्या गुडघ्यावरून खाली लोंबत. “कधीचा आवाज?”

तो उत्तर देणार होता. नळाचा आहे, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. तुझ्या आईचा आहे, असंही. तो तिच्याकडे बघत राहिला. डोळ्यांखाली काळं होतं तिच्या, आणि ते आजचं नव्हतं, बरंच जुनं होतं. तिने इअरफोन उचलले, फुंकर मारून साफ केले, एक कानात घातला आणि दुसरा हातात धरून त्याच्याकडे बघून हसली, तो काय म्हणतो याची वाट बघत. आता एक शब्द पुरे होता. तो शब्द त्याच्या जिभेवर होता, पण बाहेर काढायला तो घाबरत होता, आणि कशाला घाबरतोय हे त्याला आत्ता, तिच्या त्या हसण्याकडे बघता बघता, कळत होतं. आईचं बोलणं ऐकून तिला धक्का बसेल, ही भीती तो सकाळपासून उगाचच कुरवाळत होता. तिला धक्का बसणारच नाही. ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकेल, आणि मग त्याच मोकळ्या आवाजात म्हणेल, काही नाही रे बाबा, ठीक आहे.