साठ तुकड्यांचं पीक

नाथाजी माने सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे आणि विद्यापीठात तोच विषय शिकत असे. म्हणजे आठवडाभर पोरांच्या वह्या तपासायच्या आणि मग स्वतःची वही घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. वय चौतीस. पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा तुमचे केस काळे होते, असं त्याची बायको शालू म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती.

विभागाचे नियम साधे होते. साधे म्हणजे दगडासारखे. आधी चार पेपर द्यायचे, आणि पंचावन्न टक्क्यांच्या खाली गेलात की पुन्हा बसायचं. नाथाजी मापन सिद्धांतात एकदा आपटला, दुसऱ्या खेपेला काठावरून निसटला. पेपर संपले की दर मार्चअखेर प्रगतीचा अहवाल. त्यावर मार्गदर्शकांनी दोनपैकी एक शेरा मारायचा, समाधानकारक किंवा असमाधानकारक. लागोपाठ दोन असमाधानकारक पडले की नाव रद्द. पुन्हा नाव घालायचं तर चारही पेपर पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मापन सिद्धांत!

पहिला असमाधानकारक त्याला दुष्काळानं मिळवून दिला. त्याचा विषय होता कोरडवाहू पिकाचा अंदाज. माण तालुक्यासारख्या कोरड्या भागात एकाच शेतात इकडे ज्वारी उभी असते आणि चार पावलांवर बोडका खडक. अशा रानाचं पीक धरायचं किती? या शून्य पिकाच्या जागा हिशेबात कशा घ्यायच्या, हाच त्याच्या प्रबंधाचा जीव. पण बहात्तर साली सगळंच शून्य झालं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'पीक नव्हते, सबब आकडे नाहीत' हे वाक्य त्यानं अहवालात लिहिलं. खरं होतं, पण त्याला प्रगती कोण म्हणणार?

पुढच्या साली पाऊस झाला. रब्बीची ज्वारी उभी राहिली, आणि नाथाजीचे रविवार संपले. पहाटेची एस.टी. धरायची, विटा, मायणी करत दहिवडीच्या अलीकडच्या एका वाडीत उतरायचं आणि शेतोशेत हिंडायचं. वीस शेतं, शेतात तीन तुकडे, तुकडा दहा मीटर लांब, पाच रुंद. तुकडा कुठं घ्यायचा हे शेतकऱ्यानं ठरवायचं नाही आणि नाथाजीनंही नाही. आकड्यांचं एक पुस्तक होतं. त्यात पाहून इतकी पावलं लांबीत, इतकी रुंदीत चालायचं आणि पडेल तिथं खुंट्या ठोकायच्या. वाडीला हे पंचांग मोठं नामी वाटलं.

"सर, तकडं कशाला?" केरबा पहिल्याच दिवशी म्हणाला. त्याचं रान विहिरीखालचं, वाडीतलं सगळ्यांत बरं. "ह्या अंगाला बघा की कणसं कशी भरल्यात. हितं ठोका खुट्या."

"जिथं पडेल तिथंच घ्यायचं असतं."

"पडलं खडकावर तर?"

"तर खडक."

केरबानं मान हलवली. एवढा शिकलेला माणूस आणि पारख नाही, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

पुस्तकातला नियम असा की कापणी, मळणी, वजन, सगळं आपल्या डोळ्यांसमोर व्हावं. पण तुकडे साठ आणि रविवार आठवड्याला एक. मधल्या दिवशी रजा मागितली की प्राचार्य भुवया वर करायचे. नाथाजी थकला होता, आणि थकलेला माणूस पहिल्यांदा नियमच सैल करतो. त्यानं खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या, नंबर घातलेल्या साठ पिशव्या घरोघर वाटल्या आणि सांगितलं, दोरीच्या आतलं तेवढं वेगळं मळून ह्यात भरून ठेवा. जे निघेल ते.

"आनि कायच न्हाई निगालं तर?" केरबानं विचारलं.

एस.टी.ची वेळ झाली होती. घाईत नाथाजी म्हणून गेला, "आकडे नाहीत म्हणजे आमचं शिक्षण बुडालं बघा!"

फेब्रुवारीपासून पिशव्या यायला लागल्या. नाथाजी त्या सांगलीला आणून तोलायचा. एकही रिकामी नव्हती. त्याला नवल वाटायला हवं होतं. वाटला तो आनंद. पाऊसच तसा झाला, असं त्यानं मनाला सांगितलं आणि मनानंही फार चौकशी केली नाही.

अहवालाला चार दिवस उरले तेव्हा तो शेवटची पिशवी आणायला गेला. ती हरणाबाईची. म्हातारी धनगराची, एकटी, चार शेरडं-मेंढरं आणि टेकाडाच्या उतारावर बिघाभर रान. तिचा तिसरा तुकडा टेकाडाच्या माथ्यावर पडला होता. खुंटी ठोकताना दगडावर दगड घालून नाथाजीच्या हाताला फोड आला होता, तो त्याच्या लक्षात होता. तिनं पिशवी आणून ठेवली. आत शेरभर ज्वारी, टपोरी, मोत्यासारखी.

"मावशी, ही कुठली?"

"रानातली. आनि कुटली आसनार?"

"टेकाडावरची? मी बघितलंय की. तिथं ज्वारीचं एक ताटसुदीक नव्हतं."

हरणाबाई बिनदाताची हसली. "तुमी बघितलंया, मग इचारताय कशाला?"

केरबा तिथंच मेंढरांच्या वाड्याला टेकून उभा होता. तो पुढं झाला. "आवं सर, दुस्काळ सरल्यावरचं पयलं पीक हाय. घरातनं पिशवी रिकामी भाईर धाडली तर फुडलं वरीस तसंच यायाचं. ज्याचं निगालं न्हाई त्यानं कनगीतलं घातलं. कनगीत नसलं त्याला मी दिलं. आनि तुमचं शिक्षान बुडवून आमी काय करनार?"

"किती जणांनी घातलं?"

"ते कोन ध्यानात ठेवतंय? लय जनांनी."

"आणि किती किती?"

"हाताला यील तसं."

किती घातलं हे ठाऊक असतं तर वजा तरी करता आलं असतं. इथंच घोडं पेंड खात होतं. नाथाजी ओट्यावर बसला. रागवावं असं फार वाटत होतं, पण कुणावर? हरणाबाईनं शेळीच्या दुधाचा चहा पुढं केला, तो त्यानं घेतला. समोर राहून कापणी केली असती तर हे झालं नसतं, हे त्याला चहाच्या पहिल्या घोटालाच कळलं होतं.

सोमवारी तो अहवाल घेऊन डॉ. अंबर्डेकरांपुढं उभा राहिला. अंबर्डेकर सर माणूस भला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी तक्ते जवळ धरून पाहिले.

"छान. यंदा काम दिसतंय. शून्यं मात्र एकही नाही. बरं पिकलं म्हणायचं." त्यांनी टोपण काढून पेन उघडलं.

नाथाजीला वाटलं, गप्प बसावं. एक सही, आणि एक वर्ष तरी कुणी विचारणार नाही. त्याचे पाय खरोखर दुखत होते.

"सर, हे आकडे खरे नाहीत," तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं.

अंबर्डेकरांनी पेन खाली ठेवलं. "माने, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? शून्याचा भाग वगळू. साधी सरासरी काढू. उरलेलं पुढच्या हंगामात बघता येईल."

"सरासरी पण खोटीच येईल, सर. ते माळरान मी पायानं तुडवलंय. त्याला पिकाऊ कसं लिहू?"

"दुसरा असमाधानकारक म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"चार पेपर."

"आणि वयाच्या पस्तिशीत." सरांनी पेन पुन्हा उचललं आणि 'असमाधानकारक' असा शेरा लिहिला. "मी तुमच्या जागी असतो तर बोललो नसतो," ते म्हणाले, आणि अहवाल त्याच्याकडे न पाहता फाईलला लावला.

नाव रद्द झाल्याचं पत्र आठ दिवसांत आलं. शालूनं ते वाचलं आणि त्याला जेवायला वाढलं. त्याला त्या रात्री गाढ झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्याचीच त्याला लाज वाटली.

धान्य ज्याचं त्याला परत द्यायचं राहिलं होतं. पाडव्याच्या सुट्टीत त्यानं दोन पोती एस.टी.च्या टपावर टाकली आणि वाडीत गेला. वाटेत त्यानं ठरवलं होतं, लोकांना खरं सांगून टाकायचं. रागानं नाही, समजावून सांगायचं. विद्या अशी असते, तिला खडक खडकच लागतो.

हरणाबाई दारात लोकर पिंजत होती. त्याला पाहून तिनं हात थांबवले.

"मास्तर, झालासा का पास?"

तिच्या डोळ्यांत एवढी आस होती की नाथाजीनं पाठ केलेलं सगळं सोडून दिलं.

"झालो, मावशी."

"किती मार्क पडलं?"

"एकसष्ट."

"येवढंच?" तिला ते कमी वाटलं. मग जरा दबकत तिनं विचारलं, "आमच्या दान्याचा काय उपेग झाला का, का आपलं उगंच?"

"तुमच्या दाण्यांवरच पास झालो," नाथाजी म्हणाला.

म्हातारी उठली आणि कुडाशी जाऊन ओरडली, "आरं केरबा, आपलं मास्तर पास झालं रं!" केरबा चालती मोट सोडून धावत आला, मागून आणखी चारजण आले, कुणीतरी गूळ आणला, आणि त्या सगळ्यांपुढं नाथाजीला तोंड गोड करावं लागलं.