ग्राहक पुढच्या आठवड्यात येतो

दुकान बंद होणार हे सगळ्या गावाला दोन वर्षं आधीच कळलं होतं. दुकानाला तेवढं उशिरा कळलं. आधी तिसऱ्या मजल्याला पडदे लागले. मग सरकता जिना थांबला आणि त्याच्यावर 'आजपासून हा साधा जिना आहे' अशी पाटी आली. मग कपड्यांच्या विभागात कपड्यांऐवजी ओव्हनमधली भांडी काढायचे जाड हातमोजे आले, आणि तेही सगळे डाव्या हाताचे. कंपनीची बाकीची सतरा दुकानं याच क्रमानं गेली होती, त्यामुळे डावे हातमोजे दिसले तसे जुने नोकर काय ते समजले.

शेवटच्या पंधरवड्यात माल संपला आणि लोक दुकानच विकत घेऊ लागले. हँगर गेले, आरसे गेले, मांडण्या गेल्या. कुणीतरी प्रसाधनगृहाची पाटी घेऊन गेलं, तेव्हापासून निम्मे ग्राहक सामानाच्या खोलीत शिरत आणि संकोचून परत येत.

अशात एका शुक्रवारी तिला काचबाईंचा फोन आला. काचबाई म्हणजे काचसामान विभागाच्या प्रमुख. तीस वर्षं काचेत काढल्यामुळे त्या फोनवरसुद्धा काहीतरी फुटेल अशा बेतानं बोलत.

"तुझ्या बाबांची खुर्ची जाते आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी एकच्या आत ये. आईला घेऊन ये. आणि येताना आवाज चढवायची तयारी ठेव."

"कसली खुर्ची, मावशी?" तिनं विचारलं.

पलीकडे काचेचं काहीतरी जपून खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे घरी बोललेच नव्हते तर," काचबाई म्हणाल्या.

बाबा त्या दुकानात फर्निचर विभागाचे प्रमुख होते. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते. तेव्हापासून ती परगावची नोकरी सोडून आईजवळ येऊन राहिली होती, आणि दोघी घरातल्या घरात एकमेकींना चुकवत होत्या. बाबांचं म्हणून घरात उरलं होतं ते एक लाकडी स्टूल. घरी ते त्यावरच बसत. पाठ सरळ राहते म्हणत. आईनं त्यांना एकदा उशी शिवून दिली तर ती त्यांनी कुंडीखाली घातली होती.

सोमवारी साडेबाराला दोघी दुकानात पोचल्या. फर्निचर विभागात आता फर्निचर नव्हतं. एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत मधोमध एक आरामखुर्ची होती: गडद तपकिरी, चामड्याची, पाय पसरायला खालून फळी बाहेर येणारी. डाव्या हातावरचं चामडं कोपरानं घासून फिकं झालं होतं आणि बैठकीला एक खोलगा पडला होता. तो खोलगा कुणाचा, हे तिला सांगावं लागलं नाही. पाठीवर दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'राखून ठेवली आहे.'

"अकरा वर्षं," काचबाई हळूच म्हणाल्या. "रोज दुपारी डबा खाऊन वीस मिनिटं. विकली जाऊ नये म्हणून राखून ठेवलेली."

आई खुर्चीभोवती एक चक्कर मारून आली. बोटानं गादी दाबून पाहिली.

"आणि घरी स्टुलावर," ती म्हणाली. "पाठ सरळ राहते म्हणे."

खुर्चीच्या बाजूला दातांचे डॉक्टर उभे होते. त्यांना ती त्यांच्या दवाखान्यात हवी होती. त्यांनी तिची लांबी, रुंदी, उंची तिन्ही मोजली होती आणि टेप अजून हातातच होती. आणि सोबत आणलेल्या घडीच्या टेबलामागे बसले होते आवरतेसाहेब. कंपनीनं दुकान आवरायला पाठवलेला हा माणूस. 'आवरतं घ्या' याखेरीज फारसं बोलत नाही म्हणून नोकरांनी त्यांचं हे नाव ठेवलं होतं. सतरा दुकानं त्यांनी आवरली होती. त्यांच्या मते जगात माल दोनच प्रकारचा: गेलेला आणि जायचा. ही खुर्ची दोन्हींत बसत नव्हती आणि त्याचा त्यांना मनापासून त्रास होत होता.

त्यांच्यासमोर राखीव मालाची जाडजूड वही उघडी होती.

"नियम असा," ते म्हणाले. "ग्राहकासाठी माल सात दिवस राखून ठेवता येतो. आठव्या दिवशी ग्राहक का आला नाही याचं कारण वहीत लिहायचं, की पुढचे सात दिवस. असं किती वेळा करता येतं हे नियम लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही. त्याला असा माणूस भेटला नसावा."

त्यांनी वही मागे पलटली आणि रुक्ष आवाजात वाचायला सुरुवात केली.

"पहिली नोंद. ग्राहकाचं नाव: कळवतो म्हणाले. कारण: ग्राहकाच्या घरचा जिना अरुंद. खुर्ची वळणावर अडकेल. जिन्याच्या मालकाशी बोलणी चालू आहेत. ही बोलणी," साहेब म्हणाले, "नऊ आठवडे चालली. मग ग्राहक स्कूटर शिकताना पडला. पाय प्लास्टरमध्ये. मग ग्राहकाच्या घरी सासूबाई आल्या, सध्या घरात कुणालाच बसायला जागा नाही. मग ग्राहकानं घराला रंग काढला. रंग पसंत पडला नाही. पुन्हा काढला."

ती ऐकत होती. सगळं ओळखीचं वाटत होतं आणि का ते लक्षात यायला तिला दोन पानं लागली. मग साहेबांनी वाचलं, "ग्राहकाची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली. ग्राहकाचं सध्या खरेदीत लक्ष नाही," आणि ती खिडकीकडे बघू लागली. खिडकीतून समोरच्या स्वस्त मालाच्या दुकानाची पाटी दिसत होती. ते दुकानही बंद झालं होतं. तिनं ती पाटी दोनदा नीट वाचली.

"हे कारण चौदा आठवडे आहे," साहेब म्हणाले.

बाबांच्या हातची शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची होती. 'ग्राहक दवाखान्यात. पुढच्या आठवड्यात येतो.' त्यापुढे अक्षर बदललं होतं. ग्राहक जहाजावर गेला होता. ग्राहकाच्या घराला पुरानं वेढा घातला होता. होडी होती पण वल्हं एकच, त्यामुळे ग्राहक जागच्या जागी गोल फिरत होता. ग्राहकाला भलत्याच माणसाच्या ऐवजी तुरुंगात टाकलं होतं आणि तो निर्दोष सुटला होता. मागच्या सोमवारी ग्राहकाच्या मांडीवर मांजर झोपलं होतं, म्हणून त्याला उठता आलं नव्हतं.

"आम्ही आळीपाळीनं लिहायचो," काचबाई म्हणाल्या. "जहाज लिफ्टवाल्यांचं. मांजर माझं."

पाच महिन्यांत ग्राहकावर नाही नाही ते प्रसंग आले होते. त्याला मारलं मात्र कुणी नव्हतं.

"तर," साहेब म्हणाले, "आज एकला मुदत संपते आणि त्यानंतर दुकानच नाही, म्हणजे मुदत वाढवायची सोय नाही. ग्राहक किंवा त्याच्या घरचं कुणी आलं तर खुर्ची त्यांची. नाहीतर डॉक्टरांची. तुम्ही कोण?"

"मी ग्राहकाची मुलगी," ती म्हणाली. तिला वाटलं होतं हे म्हणताना आवाज कापेल. कापला नाही.

"पुरावा?"

"पुरावा कुठून आणू? नाव तर तुमच्याकडे 'कळवतो म्हणाले' आहे."

"असं असेल तर मीही म्हणतो," डॉक्टर टेप गुंडाळत म्हणाले, "की मीच ग्राहक. नाव कळवायचं राहून गेलं."

"डॉक्टर, लाज नाही वाटत?" काचबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे येणारी माणसं घाबरलेली असतात हो, बाई. त्यांना जरा ऐसपैस बसू द्या की."

आवरतेसाहेबांनी दोघांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग आपली घडीची खुर्ची जरा पुढे ओढून ते ताठ बसले. गेले तीन दिवस डबा खाताना ते ही वही वाचत होते, हे काचबाईंनी पाहिलं होतं. मांजराच्या पानात खुणेला चमचा होता.

"मी प्रश्न विचारतो," साहेब म्हणाले. "ग्राहकाचा कुठला पाय मोडला?"

"डावा," डॉक्टर म्हणाले.

"डावा," ती म्हणाली. "आणि स्कूटर चालू नव्हती. स्टँडवर उभी होती. मी नुसती वर बसून हॉर्न वाजवून बघत होते."

साहेबांनी भुवया उंचावल्या. वहीत स्टँडचा उल्लेख नव्हता, त्यामुळे तो त्यांना मोजता येईना. "दोघांचंही बरोबर," ते म्हणाले. "पसंत न पडलेला रंग?"

"पोपटी," डॉक्टर म्हणाले.

"पोपटी," ती म्हणाली, आणि त्याच वेळी तिला डॉक्टरांची नजर दिसली. वही साहेबांच्या बाजूनं सुलटी होती आणि डॉक्टरांच्या बाजूनं उलटी. आयुष्यभर लोकांच्या तोंडात उलट्या बाजूनं बघितलेल्या माणसाला उलटी वही म्हणजे काहीच नव्हतं.

"साहेब, हे बघून सांगतायत."

"मी खाली बघतोय. खाली बघायला बंदी आहे का?"

"शांतता," साहेब म्हणाले. एकला चार मिनिटं होती. "शेवटचा प्रश्न. ग्राहकाच्या सासूबाई किती आठवडे राहिल्या?"

"सात," डॉक्टर म्हणाले, नोंदींवरून बोट न फिरवता.

तिला आठवेना. तेव्हा ती कॉलेजात होती आणि आजीनं तिचं कपाट लावलं होतं, एवढंच आठवत होतं. तिनं आईकडे पाहिलं. आई इतका वेळ पर्स पोटाशी धरून गप्प उभी होती. पाच महिने ती अशीच उभी होती.

"किती म्हणालात?" आई म्हणाली.

"सात आठवडे. वहीत तसं..." साहेब म्हणाले.

"चार," आई म्हणाली. "माझी आई चार आठवडे राहिली होती. अठ्ठावीस दिवस. त्यातले दोन दिवस ती बहिणीकडे जाऊन आली, म्हणजे सव्वीस. सात? यांनी सात लिहिलंय? द्या ती वही इकडे."

"वही देता येत नाही, बाई."

"नका देऊ. तिच्या पायांना तेल लावून द्यायचे, पत्ते खेळायचे तिच्याशी, मुद्दाम हरायचे. आणि इथं येऊन लिहायचे की घरात बसायला जागा नाही? जागा नसायला काय झालं होतं? स्टुलावर बसायचे ना स्वतः? आणि ती गेल्यावर आणखी तीन आठवडे तिच्या नावावर खाल्ले. येऊ दे आता घरी, बघतेच..."

आई थांबली.

काचबाईंनी नाक पुसायला जवळचा डावा हातमोजा घेतला. आई डोळे पुसत होती की हसत होती, हे बाजूनं कळत नव्हतं. तिनं पुढे होऊन आईचा हात धरला. आईनं तो धरू दिला.

"वहीप्रमाणे," डॉक्टर खाकरून म्हणाले, "माझं उत्तर बरोबर आहे."

"हो," आवरतेसाहेब म्हणाले. "तुमचं वहीप्रमाणे बरोबर आहे. पण ही वही आहे, डॉक्टर. तिच्यात लिहिलेलं कुणालाही सांगता येतं. तिच्यात खोटं काय लिहिलंय ते फक्त घरच्यांना माहीत असतं, आणि असं भांडायला तर घरचंच माणूस लागतं." त्यांनी पेन तिच्यापुढे केलं. "नावाचा रकाना भरा. आवरतं घ्या, मिनिटभर उरलंय."

तिनं बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. 'कळवतो म्हणाले'च्या शेजारी ते अगदी नवीन दिसत होतं.

"अक्षर नीट काढ," आई म्हणाली.

डॉक्टर दिलदार होते. त्यांनी हातमोज्यांचा गठ्ठा घेतला आणि खुर्ची टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला. टेम्पो निघताना साहेब रस्त्यापर्यंत आले.

"एक विचारायचं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "जिन्याचं काय झालं शेवटी?"

"कुठल्या जिन्याचं?" ती म्हणाली. टेम्पो सुटला होता.

उत्तर तिला अर्ध्या तासानं, पहिल्या मजल्याच्या वळणावर मिळालं. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन हमालांनी खुर्ची आडवी केली, उभी केली, पाय वर करून पाहिले. ती वर जाईना, आणि आता खालीही येईना. चार बोटं कमी पडत होती.

"मोजून नव्हतं घेतलं का, ताई?" हमाल घाम पुसत म्हणाला.

"घेतलं होतं," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी."

हमालांनी खुर्ची वळणावरच सरळ करून ठेवली आणि पाणी पिऊन ते गेले. आई दोन पायऱ्या वर उभी होती. मग ती खाली आली, पदर सावरला आणि बसली. खोलगा तिला मोठा होता. तिनं जरा चाचपडून बाजूचा खटका ओढला, तशी खालची फळी बाहेर आली आणि आईचे पाय आपोआप वर गेले. पाठीवरचा पुठ्ठा तिच्या खांद्यावरून लोंबत होता.

"बाई ग," आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वीस मिनिटंच बसायचे?"

"काचमावशी तसं म्हणाल्या."

"कमीच बसायचे."

वरून शेजारचे आजोबा पिशवी घेऊन उतरत आले आणि वळणावर थबकले. कठड्याला चिकटून, पिशवी डोक्यावर धरून, आईच्या पावलांना वळसा घालून ते कसेबसे पलीकडे गेले. मग मागे वळून पाहत म्हणाले, "ही इथं किती दिवस राहणार आहे?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं डोळे मिटले होते आणि डावं कोपर फिक्या चामड्यावर टेकलं होतं.

"पुढच्या आठवड्यात नेतो वर," आई म्हणाली. "जिन्याच्या मालकाशी बोलणी चालू आहेत."