मोंबाशातली संध्याकाळ

"सांगितलं तर कोणाला पटायचं नाय," हरिश्चंद्र म्हणाला, आणि घरापुढच्या खळ्यात बसलेली सगळी माणसं पटवून घ्यायच्या तयारीनं चार बोटं पुढे सरकली.

गोष्ट पपईची होती. मोंबाशाला हरिश्चंद्राच्या बंगलीमागे पपईचं झाड. माती अशी की झाड वाढताना डोळ्यांना दिसतं. एकदा सकाळी त्यानं त्या झाडाच्या शेंड्यावर ओला सदरा वाळत टाकला, जेवून जरा आडवा झाला, उठून बघतो तर सदरा कौलांच्या वर फडफडतोय. नोकराला शिडी लावावी लागली. तो उतरताना चार पिकलेल्या पपयाही घेऊन आला. सकाळी त्यांची फुलं होती.

"आणि सदरा?" धाकूनं विचारलं. धाकू शेजारचा, साठी उलटलेला, पण गोष्ट ऐकताना त्याचं तोंड उघडं राहायचं.

"वाळला," हरिश्चंद्र म्हणाला. "वर वारा बरा लागतो."

सगळे हसले. हसला नाही तो एकटा लवू. खळं त्याचं, खळ्यात घातलेली चटई त्याची, पानाचा डबा त्याचा, आणि आत तिसऱ्यांदा चहाचं आधण ठेवणारी मथुरा त्याची बायको. पण हरिश्चंद्र हा मथुरेचा थोरला भाऊ, आणि आफ्रिकेहून आलेला. त्यामुळे गेले तीन दिवस लवू आपल्याच घरात पाहुण्यासारखा कडेला बसत होता. लग्नाला तीस वर्षं झाली, या तीस वर्षांत चहात एवढा गूळ त्यानं बघितला नव्हता. काल सुरमईचा मधला तुकडा हरिश्चंद्राच्या पानात पडला, परवाही पडला. लवूच्या पानात शेपटी. शेपटी गोड लागते म्हणे. असं मथुराच म्हणाली.

तसे दोघे लहानपणचे जोडीदार; लवू त्याला हरबाच म्हणायचा. रत्नागिरीला मांडवीच्या वाळूत बरोबर लोळलेले, एकाच पडावावर वल्ही मारायला लागलेले. अठ्ठावीस वर्षांमागं आफ्रिकेतल्या रेल्वेच्या कामावर दोघांचीही नावं लागली होती. हरिश्चंद्र गेला. लवू राहिला. आई आजारी पडली म्हणून राहिला, असं सगळ्या वाडीला माहीत होतं. पुढे लवूनं आपली होडी केली, आणि बंदरात बोट लागली की तिच्या शिडीपर्यंत माणसं नेऊन सोडायची, तिथून परत फिरायचं, यात त्याचे केस पांढरे झाले.

तेवढं त्याला चाललं असतं. पण चार वर्षांपूर्वी आफ्रिकेहून परतलेल्या संगमेश्वराकडच्या एका माणसाच्या हाती फोटो आला. फोटोत एका बंगलीचा व्हरांडा, व्हरांड्यात लांब हातांची वेताची खुर्ची, आणि खुर्चीत हरिश्चंद्र. पाय पसरून, टोपी मांडीवर ठेवून. बरोबर चिठ्ठी होती, ती मास्तरांनी वाचून दाखवली. साहेबलोक पेन्शनीत निघाले की हल्ली विलायतेला परत जात नाहीत, तिकडच्या थंडीत कुडकुडायला कोण जाईल, इथंच समुद्रकाठी घर करून राहतात. हवा आपल्या रत्नागिरीसारखीच, माड तसेच, आंबे वर्षातून दोनदा. तेव्हा आपणही आता तसंच करायचं ठरवलं आहे.

मथुरेनं तो फोटो देवाच्या फळीशेजारी टांगला. देवांवर एक वेळ धूळ बसायची, त्या खुर्चीवर नाही.

तेव्हापासून लवूला एक खोड जडली. संध्याकाळी होडी वर ओढली की तो वाळूत बसून सूर्य बुडताना बघायचा. बघायचा म्हणजे जळायचा. बोटीवरच्या एका खलाशानं त्याला सांगून ठेवलं होतं की इकडं दिवेलागण होते तेव्हा मोंबाशाला अजून दुपारचा चहा व्हायचा असतो. म्हणजे दिवसभर इथं राबून, तांबडालाल होऊन सूर्य पाण्यापलीकडे उतरायचा, तो थेट हरबाच्या अंगणात जाऊन दुपारसारखा चकचकीत उभा राहायचा. आपल्याकडचा सूर्यसुद्धा कामं आटोपून मेव्हण्याकडे राहायला जातो, हे लवूला चार वर्षं खुपत होतं.

आणि आता तोच मेव्हणा चटईवर मांडी घालून बसला होता.

"पेन्शनीतला माणूस करतो काय दिवसभर?" धाकूनं विचारलं.

"काय पण करत नाय. तेच तर काम असतं." हरिश्चंद्रानं पानाला चुना लावला. सकाळी नोकर चहा आणतो, चहाला तिकडंही चायच म्हणतात. मग बागेत एक फेरी. मग खुर्ची. जेवण, झोप, परत खुर्ची. हे सांगताना त्याचा आवाज जरा उतरला. "आणि संध्याकाळी समोर समुद्र. सूर्य खाली येतो, पाण्याला टेकतो, लाल वाट सरळ माझ्या पायापर्यंत येते. मग बुडतो. मग दिवा लावायचा."

आत मथुरेच्या हातातली पळी थांबली. लवू मात्र कडेवरून पुढं सरकला.

"बुडतो कुठं म्हणालास?" त्यानं विचारलं.

"समुद्रात. आणि कुठं बुडणार?"

खळ्यातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्यातल्या कोणीही सूर्याला दुसरीकडे कुठं बुडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लवूनं वाळूत बोटानं रेघ ओढली. अलीकडे मांडवी, मध्ये पाणी, पलीकडे मोंबासा. एक शिंपली घेतली, तिला सूर्य केलं आणि इकडून तिकडे नेली. शिंपली पाणी ओलांडून मोंबाशाच्या किनाऱ्याला लागली, पुढं गेली. पुढं सगळी जमीन. समुद्र मागं राहिला. त्यानं तीनदा नेली, तिन्ही वेळा तसंच झालं. दुपारी बोट लागल्यावर त्यानं शिडीवरच्या खलाशाला विचारून घेतलं. खलाशी हसला. म्हणाला, तिकडं तो रोज सकाळी पाण्यातनं वर येतो, बुडतो डोंगराकडं.

लवूला अंगावर नवा सदरा घातल्यासारखं झालं. बंगली खोटी. खुर्ची खोटी. निदान संध्याकाळ तरी खोटी, आणि संध्याकाळ खोटी असेल तर दुपारचा काय भरवसा? पण तो बोलला नाही. एवढा मोठा मासा गळाला लागल्यावर तो कोणी घाईनं ओढत नाही. हरबा निघेल त्या दिवशी, बंदरावर, सगळ्या वाडीदेखत ओढायचा असं त्यानं ठरवलं.

त्यामुळे महिनाभर लवू इतका खुशीत होता की मथुरेनं दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

हरबा मात्र निघता निघेना. एक बोट वाडीतल्या चिमाच्या लग्नासाठी सोडली. एक पाय मुरगळला म्हणून. एका बोटीच्या दिवशी तो सकाळपासून माडाला पाणी घालत बसला आणि बोट गेल्यावर म्हणाला, "अरे, आज होती काय?" मे महिना सरत आला. आता एक शेवटची बोट. मग समुद्र खवळणार आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. वाडीत जो तो विचारू लागला, बंगलीवर कोण बघतं आहे, नोकर भरवशाचा आहे ना. मग हरिश्चंद्रानं ट्रंक बांधली.

मथुरा म्हणाली, "दादा आंब्याच्या पेट्यांत कोंबून पडावातनं जायचा नाय. अवो, तुमच्या होडीतनं न्या."

लवूनं ट्रंक उचलली, आणि ती त्याच्या हातात इतक्या सहज वर आली की त्याचा तोलच गेला. आयुष्यभर त्यानं परदेशांतून आलेल्या लोकांच्या ट्रंका चढवल्या-उतरवल्या होत्या. कडीला हात घातला की आत काय आहे हे त्याला कळायचं. हिच्यात दोन धोतरं होती, एक कांबळं होतं, आणि एक तांब्या इकडून तिकडे गडगडत होता. कुलूप मात्र दांडगं. मथुरेनं बांधून दिलेलं आमसुलांचं आणि कुळथाच्या पिठाचं गाठोडं त्या ट्रंकेपेक्षा जड होतं. लबाड, लवू मनात म्हणाला, आणि आनंदानं बंदराची वाट चालू लागला.

बंदरावर सगळी वाडी जमली होती. हरिश्चंद्र ट्रंकेवर बसला. शेवटची म्हणून त्यानं जिराफाची गोष्ट सांगितली. गाडी चालू असताना खिडकीतून मान घालून जिराफ गार्डचा चहा पिऊन गेला, आणि पुढच्या स्टेशनावर बशी आणून दिली. लोक हसून हसून खाली बसले. लवूनं ठरवलं, आता. तो पुढं झाला, त्यानं घसा साफ केला.

तेवढ्यात धाकू त्याच्याकडे वळून म्हणाला, "काय रे लवू, तू पण जाणार होतास ना तेव्हा? गेला असतास तर आज तू पण असाच बसला असतास."

लवूच्या आधी हरिश्चंद्र बोलला. हसू पुसून, अगदी साध्या आवाजात. "जाणारच होता. त्याचं नाव यादीत माझ्या वर लागलं होतं. आई आजारी म्हणून राहिला. मी असतो तर माझ्यानं झालं नसतं."

लवूनं उघडलेलं तोंड मिटलं.

त्याची आई तेव्हा ठणठणीत होती, भात कांडत होती. मुंबईच्या गोदीत ते जहाज डोंगरासारखं उभं राहिलेलं दिसलं आणि लवूचं पाऊल पुढं पडेना. पोटात कळ येते म्हणून तो फाटकाशी बसला तो उठलाच नाही. आईची गोष्ट त्याला हरबानंच तिथं, फाटकाशी बसून शिकवली. ते बघणारा माणूस जगात एकटा हरबा. अठ्ठावीस वर्षांत एका चिठ्ठीत नाही, आणि या महिनाभरात, एवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यात ती एक नाही.

"चल," लवू म्हणाला. "बोट थांबायची नाय."

होडीत दोघेच. लवू किनाऱ्याकडे तोंड करून वल्ही मारत होता, हरिश्चंद्र त्याच्यासमोर, पुढ्यात ट्रंक. बोट लांब उभी होती, पडाव तिच्याकडे निघाले होते. मथुरा अजून धक्क्यावर दिसत होती. हरिश्चंद्र मान वळवून वळवून तिकडे बघत होता. मग त्यानं बघायचं सोडलं आणि समोर सूर्य होता त्याच्याकडे बोट केलं.

"तिकडं पण अस्साच," तो म्हणाला. "समोर."

लवूनं वल्ही आत घेतली. होडी पाण्यावर नुसती डुलत राहिली.

"हरबा, तिकडं तो समुद्रात बुडत नाय. समुद्रातनं वर येतो."

बोटीनं एक शिटी दिली. हरिश्चंद्रानं टोपी काढली, मांडीवर ठेवली, फोटोतल्यासारखी.

"एकदा गेलो होतो त्या बंगलीवर," तो म्हणाला. "आमचा साहेब पेन्शनीत निघाला, त्याचं सामान पोचवायला. सकाळच्याला पोचलो. खुर्ची व्हरांड्यात मांडून दिली. मडमेनं नवीन कॅमेरा आणलेला, चालतो काय बघायला मलाच बसवलं. चारच्या गाडीनं परत. मी इकडं येईपर्यंत रेल्वेच्या कारखान्यातच होतो, नैरोबीला. तिथं समुद्र नाय. संध्याकाळ काय मी बघितली नाय तिकडची. ही मांडवीची होती माझ्याकडं, तीच घातली."

लवूला खरं तर राग आला. चार वर्षं तो ज्या खुर्चीवर जळत होता, तिच्यावर हरबा एक फोटो निघेपर्यंत बसला होता. एवढं जळणं फुकट गेलं.

"मुंबईला उतरून कुठं जाणार होतास?"

हरिश्चंद्रानं ट्रंकेचं कुलूप उगाच ओढून बघितलं.

लवूनं एकच वल्हं पाण्यात घातलं आणि दाबून धरलं. होडीचं तोंड हळूहळू फिरलं.

"लवू, लोकांना सांगायचं काय?"

"तू हायस ना सांगायला."

धक्क्याला लागेपर्यंत हरिश्चंद्राची टोपी डोक्यावर नीट बसली होती. वाडी तिथंच उभी होती, होडी परत का आली म्हणून माना उंच करून बघत. हरिश्चंद्र होडीतच उभा राहिला.

"सांगितलं तर कोणाला पटायचं नाय," तो म्हणाला. "बोटीचा कप्तान सोताहून शिडीवर आला. माझा हात धरला आणि बोलला, हरिश्चंद्रशेट, तुमच्यासारखा माणूस मी असल्या बोटीतनं..."

मथुरा लुगडं वर खोचून घोटाभर पाण्यात उतरली होती. तिनं गाठोडं त्याच्या हातातून घेतलं.

"दादा, खोटं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "चल घरी. भात तिघांचा टाकून आल्येय मी."

लोक हसले, धाकू सगळ्यांत मोठ्यानं. लवू तेवढा हसला नाही. तो बायकोजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "तुला ठाऊक होतं?"

"आला त्या दिवशी ट्रंक मीच आत ठेवली ना," ती म्हणाली, आणि भावाच्या पुढं चालू लागली.

लवूनं ट्रंक होडीतून खांद्यावर घेतली, आणि सगळ्या वाडीसमोरून, ती फार जड असल्यासारखा कमरेत वाकून, मध्ये एकदा दम खायला थांबून, घराकडे निघाला.